अष्टाचंफूल: कवड्यांत आठच फार पडतात. कवड्या बदलाव्यात की नियम?

वाचनकट्टा, सातारा

वाचनालयाच्या बालविभागात उन्हाळी सुट्टीसाठी जुने बैठे खेळ मांडतोय. नवकंकरी आणि वाघबकरीचे पट तयार आहेत, गाडी अडलीय अष्टाचंफूलवर.

पट पाच बाय पाच घरांचा, सोंगट्या बाहेरच्या फेरीतून आतल्या फेरीत आणि मग मधल्या घरात न्यायच्या. कवड्या चार, पूजेच्या दुकानातल्या, पांढऱ्या, साधारण दोन सेंटिमीटर लांब. नियम नेहमीचे: जितक्या उताण्या (तोंड वर) तितकं दान, चारही उताण्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडलं की पुन्हा टाकायचं. ओळीने तीनदा असं झालं तर दान जळतं. एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत जाता येत नाही.

मुलांची तक्रार अशी की आठ सारखंच पडतं आणि चार पडतच नाही. शहाबादी फरशीवर १०० दानं टाकून मोजली. एक ३९ वेळा, दोन ३० वेळा, तीन ११ वेळा, चार फक्त एकदा आणि आठ १९ वेळा.

हे असंच असतं का? कवड्यांऐवजी चिंचोके घ्यावेत का? सोंगट्या इथेच कुणाकडून करून घेता येतील का? आणखी एक. एका सभासदांनी जुन्या सोंगट्या भेट दिल्यात, त्या हस्तिदंती असाव्यात असं वाटतं. कपाटात मांडल्या तर चालेल का? शेजारी वाईकडच्या घाटांवरच्या कोरीव पटांची चित्रंही लावायची आहेत, ती कशी घ्यावीत?

---

दानगणित

उत्तर तुमच्या मोजणीतच आहे. १०० दानं म्हणजे ४०० कवड्या. त्यातल्या उताण्या मोजा: ३९ + ६० + ३३ + ४ = १३६. म्हणजे तुमची कवडी १०० पैकी ३४ वेळाच उताणी पडते. कवडी निःपक्ष असती तर ४०० पैकी साधारण १८० ते २२० उताण्या मिळाल्या असत्या, तेवढा हेलकावा योगायोगाने होतोच. १३६ हा योगायोग नाही, कवडीचा कल आहे.

एक कवडी पालथी पडण्याची शक्यता ०.६६. चारही पालथ्या पडण्याची ०.६६ चा चौथा घात, म्हणजे ०.१९. चारही उताण्या पडण्याची ०.३४ चा चौथा घात, म्हणजे जेमतेम ०.०१३. मुलांनी खेळता खेळता जे ओळखलं ते बरोबर आहे.

अर्धी-अर्धी पडणारी कवडी असेल तर १६ शक्यता होतात. त्यांतल्या चार एकच्या, सहा दोनच्या, चार तीनच्या, एक चारची आणि एक आठची. म्हणजे चार आणि आठ दोन्ही सव्वासहा टक्के.

आता याचा खेळावर काय परिणाम होतो ते बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. निःपक्ष कवड्यांत एका दानाची सरासरी अडीच. आठातून एकदा पुन्हा टाकायला मिळतं, त्यामुळे एका हाताची, म्हणजे एका पाळीची, सरासरी २.८६ घरं पडते. तुमच्या कवड्यांत दानाची सरासरी २.८८ आणि पाचातून एकदा पुन्हा दान, म्हणून हाताची सरासरी ३.६ घरं. (जळणारं दान या हिशेबात धरलेलं नाही.) पाच घरांच्या पटावर सोंगटीचा प्रवास २४ घरांचा असतो: बाहेरच्या फेरीतली १५, आतली ८ आणि मधलं १. चार सोंगट्यांची ९६ घरं. मारामारी आणि वाया गेलेली दानं सोडली तर निःपक्ष कवड्यांनी साधारण ३४ हात लागतात, तुमच्या कवड्यांनी २७. डाव आखूड होतोच, शिवाय आठच्या उड्यांमुळे मागच्या सोंगटीला पुढची गाठून मारायची संधीही कमी मिळते. आणि तुमच्याकडे न मारता आत जाता येत नाही, त्यामुळे ज्याला मार मिळत नाही तो बाहेरच गरगरत राहतो. डाव एकाच वेळी भरधाव आणि अडकलेला वाटत असेल तर कारण हेच.

जळणाऱ्या दानाचंही तसंच. निःपक्ष कवड्यांत ओळीने तीन जादा दानं ५१२ हातांत एकदा येतात, तुमच्याकडे १२५ हातांत एकदा. कागदावर नियम तोच राहतो, पण पहिल्या ठिकाणी तो चौघांच्या साधारण चार डावांत एकदा घडतो आणि दुसऱ्या ठिकाणी निम्म्याहून जास्त डावांत.

कल येतो कवडीच्या आकारातून. तोंडाची बाजू सपाट असते, तिच्यावर ती पक्की बसते. पाठ घुमटासारखी, तिच्यावर ती डुलते आणि जरा जोर उरला असेल तर उलटते. त्यात पृष्ठभागाची भर. कडक फरशीवर कवडी दोनतीन उड्या घेते आणि पक्की बैठक शोधते. सतरंजीवर पहिल्या आपटीतच जोर मुरतो, जशी पडली तशी थांबायची शक्यता वाढते. म्हणून मोजणी आणि खेळ एकाच पृष्ठभागावर हवेत. फरशीवर मोजून सतरंजीवर खेळलात तर मोजणी फुकट.

चांगला संच निवडायची रीत सांगतो. वजनावर मिळणाऱ्या पावभर कवड्या आणा, त्यांतून सारख्या आकाराच्या २० वेगळ्या काढा आणि पाठीवर पेन्सिलीने १ ते २० आकडे घाला. सगळ्या एकदम टाकायच्या, १०० वेळा, आणि दर वेळी कोणत्या उताण्या पडल्या ते वहीत खुणावायचं. दोघं असतील तर दोन तासांचं काम. ४२ ते ५८ च्या मधल्या बाजूला काढा. इथे बहुतेकजण एक चूक करतात: पन्नासच्या सर्वात जवळच्या चार उचलतात आणि काम झालं म्हणतात. १०० फेकींत दहा इकडेतिकडे हा नुसता नशिबाचा भाग असतो. निवडलेल्यांतल्या काही फक्त नशिबाने पन्नासजवळ आलेल्या असतात. म्हणून निवडलेल्या सहासात कवड्या आणखी १०० वेळा टाका आणि दुसऱ्या मोजणीवर भरवसा ठेवा.

एकही धड सापडली नाही तर पाठ घासा. १२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट फळीवर ठेवून, पाणी लावून, दहा-दहा हात फिरवा आणि पुन्हा मोजा. पाठीला छोटी सपाट बैठक मिळाली की उताण्या वाढतात. कोरडं घासू नका, शिंपल्याची पूड छातीत जाणं वाईट. पाठीला भोक पडेपर्यंतही नेऊ नका, कारण मग कल उलट्या बाजूला जातो आणि चारच चार पडायला लागतात.

---

मिरजेचा कातारी

सोंगट्यांचं सांगतो. मिरजेत सतार-तंबोऱ्याच्या कामात तुणीचं लाकूड वापरतात. त्याचे तुकडे उरतात, ते सोंगटीला उत्तम: हलकं, कातायला सोपं, तुसं कमी. ओलं घेऊ नका. ओल्या लाकडाची सोंगटी महिन्याभरात बुडाशी चिरते. व्यास १८ मिलिमीटर, उंची २२. उंची व्यासाच्या दीडपटीपुढे गेली की मुलांचा हात लागून सोंगट्या पडत राहतात. घर ६ सेंटिमीटरचं ठेवा, एका घरात चार सोंगट्या बसायला हव्यात. म्हणजे पट ३० बाय ३०, भोवती ४ सेंटिमीटर पट्टी.

रंगासाठी हळद वापरायचा मोह सांगलीकडे सगळ्यांना होतो. टाळा. हळदीचा रंग उन्हाने उडतो आणि साबणाचा हात लागला की लाल होतो. पिवळ्या सोंगट्या आठवड्यात लालमध्ये मिसळल्या की भांडणं ठरलेली. लाकडाला पाण्यातला तयार रंग लावा, पुरता वाळू द्या, वर चपडीचा, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचा, हात. प्रमाण १०० ग्रॅम चपडीला अर्धा लिटर स्पिरिट. रात्रभर काचेच्या बरणीत ठेवायचं, अधूनमधून हलवायचं, सकाळी फडक्यातून गाळायचं. लोखंडी डब्यात ठेवलं तर काळं पडतं. बोळ्याने तीन पातळ हात द्या, दोन हातांत तासाभराचं अंतर. पावसाळी हवेत लावलं तर ओल धरून वर दुधी पापुद्रा येतो, त्यामुळे हे काम मे महिन्यातच उरका. जुनं, वर्षभर पडून राहिलेलं चपडीचं पाणी वापरू नका. ते वाळतच नाही, चिकट राहतं.

चिंचोक्यांचे दोन प्रकार आहेत आणि लोक ते एकच समजतात. एक, चिंचोका फोडून दोन दळं करायची. याची एक बाजू सपाट पांढरी आणि दुसरी फुगीर तपकिरी. आकार कवडीसारखाच, त्यामुळे कलाचा प्रश्नही तोच. दुसरा, अख्खा चिंचोका एकाच बाजूने खडबडीत दगडावर पाणी लावून पांढरा गर दिसेपर्यंत घासायचा. याची जाडी राहते, दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या बसतात. मुलांसाठी हाच घ्या. चपटे, चौकोनी, सारख्या वजनाचे निवडा. आठदहा घासून ठेवा, हरवतात.

चिंचोक्याला भुंगा लागतो. बारीक गोल भोक दिसलं की तो दाणा बाद, आत पोकळ होऊन वजन एका बाजूला गेलेलं असतं. वापरण्याआधी कडक उन्हात दोनतीन दिवस ठेवा, मग झाकणाच्या डब्यात.

आणि दान हातातून टाकू देऊ नका. सरावाचा हात कवडी उताणी धरून चार बोटं उंचीवरून न फिरवता अलगद सोडतो, ते दान टाकणं नसून दान ठेवणं आहे. करवंटी द्या: घासून गुळगुळीत केलेली, दोनदा हलवायची, वीतभर उंचीवरून उपडी करायची.

---

पायरीवरचा पट

हस्तिदंताचं आधी, कारण तिथे कायदा आहे. सोंगटीचं बूड दहापट भिंगाखाली बघा. हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी दिसते. हाडात तशी जाळी नसते, बारीक काळपट ठिपके किंवा चिरा असतात. प्लॅस्टिकमध्ये दोन्ही नसतं, कधी साच्याची शिवण दिसते. तापलेली सुई टोचून बघण्याचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका. खरी जुनी वस्तू असेल तर कायमचा डाग पडतो. जाळी दिसली तर मांडायच्या आधी वन विभागाला लेखी कळवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताच्या वस्तूची खरेदी-विक्री चालत नाही आणि बाळगण्यालाही मालकीचा दाखला लागतो. देणाऱ्या सभासदांकडे तो आहे का ते आधी विचारा.

बाकी संग्रह करताना वस्तूपेक्षा तिच्यासोबतची माहिती मोलाची. पट कुठल्या गावातून आला, सोंगट्या आणि पट मुळात एकत्रच होते का, त्या घरात कोणते नियम चालत, कवड्या किती वापरत. हे आल्या दिवशी कार्डावर लिहिलं नाही तर कायमचं गेलं. दुकानांत मिळणारे बहुतेक संच जुळवलेले असतात, पट एकीकडचा आणि सोंगट्या दुसरीकडच्या. बुडाची झीज बघा. सोळापैकी चारच गुळगुळीत झालेल्या आणि बाकीच्या कोऱ्या असतील तर संच मूळचा नाही. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्याच पुरावस्तू कायद्यात येते, तिच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही.

कापडी पट घडी करून ठेवू नका, घडीवर कापड आधी फाटतं. धुतलेल्या मलमलीत गुंडाळून जाड नळकांड्यावर ठेवा. लाखेच्या सोंगट्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या तर मेमधल्या उष्म्याने एकमेकींना चिकटतात. मध्ये कापड घाला.

आता दगडी पट. चित्र घ्यायला दुपारी जाऊ नका, डोक्यावरच्या उन्हात उथळ रेषा दिसतच नाही. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर, नाहीतर टॉर्च जमिनीलगत आडवा धरून. शेजारी पट्टी ठेवा, उत्तर दिशा नोंदवा, दोन्ही बाजूंची लांबी आणि खळग्यांचा व्यास व खोली मोजा. रेषेत खडू, कोळसा किंवा तेल भरू नका. फोटो चांगला येतो, पण दगडाच्या रंध्रांत गेलेलं तेल निघत नाही.

ओळखण्यात घोटाळे फार होतात. एकात एक तीन चौकोन आणि बाजूंच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषा ही नवकंकरी, २४ बिंदू. कोपरेही जोडलेले असतील तर तो त्याच घराण्यातला दुसरा पट, त्यात सोंगट्या सहसा बारा-बारा असतात. दोन रांगांत सारखे खळगे, रांगेत बहुधा सहा किंवा सात, हा मंकळा, खळग्यांत बिया वाटत जायचा खेळ. एकटा खोल खळगा हा पट नव्हे, ते उखळ असेल किंवा खांब रोवायची जागा. उभ्या दगडावर पट दिसला तर तो दगड बहुधा दुसरीकडून आणून बसवलेला आहे, भिंतीवर कुणी खेळत नाही. वयाबद्दल फलकावर जपून लिहा. घाट अमुक साली बांधला म्हणून पट त्या सालचा ठरत नाही. फार तर जागचा दगड असेल तर पट त्याआधीचा नाही, एवढंच म्हणता येतं. कोरणारा काल-परवाचाही असू शकतो.

---

वाचनकट्टा, सातारा

फार मोलाचं आहे हे, सगळ्यांचे आभार. भिंगाखाली ठिपके दिसले, जाळी नाही. हाडाच्या निघाल्या.

एक राहिलं. काही पालक म्हणतात, कवड्या मोजत कशाला बसायचं, जे पडेल तो खेळ. दुसरे म्हणतात, आमच्या घरी मारल्याशिवायही आत जाता यायचं, तुमचाच नियम खरा कशावरून? नियमांचा फलक लावावा का? आणि इतकं नशिबावर असेल तर मुलांना बुद्धिबळच का शिकवू नये, असंही एकांचं म्हणणं.

---

कृष्णाकाठ, सांगली

शेवटचा प्रश्न सांगलीच्या माणसाला टाळता येत नाही. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे या गावच्या, इथे बुद्धिबळ शिकवू नका असं कोण म्हणेल? पण बुद्धिबळात आठ वर्षांची नात आणि सत्तर वर्षांची आजी यांच्यात सरावाचं अंतर असलं की कमी सराव असलेलीला डावच उरत नाही. अष्टाचंफूलमध्ये उरतो. नशीब तिथे बुद्धीची जागा घेत नाही, दोन वेगळ्या ताकदींच्या माणसांना एका पटाभोवती बसवतं. आणि निवड आहेच: तीन पडलं तर चारपैकी कोणती सोंगटी हलवायची, फुलीचं घर (जिथे सोंगटी मारता येत नाही) धरायचं की मारायला जायचं. म्हणूनच कवड्या मोजणं महत्त्वाचं. आठ पाचातून एकदा पडायला लागलं की त्या निवडीला वजन उरत नाही.

नशीब अजिबात नसलेल्या खेळाचंही एक सांगण्यासारखं आहे. नवकंकरी १९९३ मध्ये राल्फ गॅसर यांनी संगणकावर पूर्ण सोडवली. सोंगट्या मांडून झाल्यानंतरच्या साडेसातशे कोटींहून अधिक स्थिती तपासल्या आणि निष्कर्ष निघाला की दोघंही अचूक खेळले तर डाव बरोबरीत सुटतो. तरी पायरीवर बसलेल्या दोघांचा डाव संपलेला नाही, कारण त्या कोट्यवधी स्थिती कुणाच्या डोक्यात मावत नाहीत. खेळाचं उत्तर माहीत असणं वेगळं आणि तो खेळणं वेगळं.

“जे पडेल तो खेळ” याला मात्र माझा विरोध आहे. ऋग्वेदातल्या अक्षसूक्तात बेहड्याच्या फळांचे फासे आहेत, तीच झाडं कोयनेच्या जंगलात आजही दिसतात. त्या सूक्तातला जुगारी फाशांना दोष देतो, त्यांच्यापुढे हतबल होतो. खेळणाऱ्याला असं हतबल वाटायला लागलं की खेळ सुटतो. वेरूळला शिव-पार्वती फाशांचा खेळ खेळतानाचे शिल्पपट आहेत, १४, २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत. देवालाही हरता येईल असा डाव मांडला आहे, म्हणून तो बघत उभं राहावंसं वाटतं. हार मान्य करता यावी यासाठी दान सर्वांना सारखं हवं.

सारखं म्हणजे अर्धं-अर्धं असं मात्र मी म्हणणार नाही. दोघंही त्याच कवड्या टाकतात, मग कल असलेल्या कवड्यांतही अन्याय कुणावर होत नाही. बिघडतो तो खेळाचा पोत. त्यामुळे ४० टक्के उताण्या पडणारा संच मिळाला तर मी तो ठेवेन: आठ १३ टक्के, चार अडीच टक्के. आठचा थोडा जास्त थरार जुन्या घरांतही असणारच, कवड्या तेव्हाही अशाच होत्या.

नियमांबद्दल: दोन प्रकार वेगळे करा. काही नियम काढले तर खेळच उरत नाही, जसं मधल्या घरात पोचणं किंवा दान पडेल तेवढंच चालणं. मारल्याशिवाय आत जाता येतं की नाही, ओळीने तीन जादा दानं जळतात की नाही, हे घराण्याचे नियम. पहिले फलकावर रंगवा. दुसरे पाटीवर खडूने लिहा, डाव सुरू होण्याआधी मुलांनी ठरवायचे आणि डाव संपेपर्यंत पुसायचे नाहीत. आठनऊ वर्षांची मुलं या वाटाघाटीत खेळाइतकीच रमतात. कोणाच्या घरचा नियम खरा हा वादही मिटतो, कारण पाटीवरचा खरा.

---

दानगणित

४० टक्क्यांचं मान्य. हाताची सरासरी ३.१ घरं येते, डाव ३१ हातांच्या आसपास. सुट्टीतल्या तासाभराला बरोबर बसेल.

करवंटीबद्दल एक सूचना. आत बनातीचा (जाड लोकरी कापडाचा) तुकडा चिकटवा, नाहीतर कवड्यांच्या कडा टवके उडून झिजतात आणि दोन महिन्यांत कल बदलतो. चिंचोके वापरलेत तर जूनअखेर पुन्हा १०० दानं मोजा. ओल धरून ते फुगतात, आणि घासलेली बाजू आधी फुगते.